थोर गणिती लिओनार्ड ऑयलर

विद्यार्थी मित्रांनो, अकरावी-बारावीच्या बीजगणितात फंक्शन नावाचे प्रकरण येते आणि पुष्कळ मुलांची गणिताशी फारकत तेथूनच सुरू होते. दहावीला बरे गुण मिळविलेला मुलगाही येथे अडखळतो. एका फंक्शनच्या पोटात दुसरे फंक्शन घातलेले असते. त्याला कंपोझिट फंक्शन म्हणतात. त्याची रेंज काढा, असा प्रश्न परीक्षेत येतो. मुलगा सूत्र मांडतो, आकडेमोड करतो, उत्तर लिहितो आणि ते चुकते. सूत्र बरोबर, आकडेमोडही बरोबर, मग उत्तर चूक कसे? हे कोडे उलगडले नाही म्हणजे तो मनाशी ठरवून टाकतो की आपल्याला गणिताचे डोके नाही. घरची माणसेही त्याला दुजोरा देतात आणि एक चांगला विद्यार्थी विज्ञान शाखेकडे पाठ फिरवितो.

आज ज्या पद्धतीने आपण फंक्शन लिहितो, म्हणजे एक अक्षर आणि त्यापुढे कंसात चल संख्या, ती पद्धत देणाऱ्या माणसाचे नाव लिओनार्ड ऑयलर. त्याचे चरित्र वाचले म्हणजे दोन गोष्टी कळतात. सूत्रापेक्षा सूत्रात काय घातले जाते ते आधी पाहावे, ही पहिली. गणिताचे डोके ही जन्मतः वाटून दिलेली वस्तू नसून ती बरीचशी सवयीची बाब आहे, ही दुसरी.

ऑयलरचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल या शहरी झाला. वडील पॉल ऑयलर हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांनी तरुणपणी याकोब बर्नूली या नामवंत गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती. त्यामुळे मुलाला गणिताचे पहिले धडे घरीच मिळाले. बाझेलजवळच्या रीएन या गावी त्याचे बालपण गेले. वयाच्या तेराव्या वर्षी तो बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. मुलाने आपल्याप्रमाणेच धर्मशास्त्र शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती.

त्या काळी बाझेलमध्ये याकोबचे धाकटे बंधू योहान बर्नूली गणिताचे प्राध्यापक होते. युरोपात त्यांचा मोठा दबदबा होता. ऑयलरने त्यांच्याकडे खासगी शिकवणी मागितली. कामाच्या गर्दीमुळे त्यांनी ती नाकारली, पण एक सवलत दिली. अवघड पुस्तके तू स्वतः वाच आणि जेथे अडेल तेवढे शनिवारी दुपारी येऊन विचार, असे त्यांनी सांगितले. मग हा मुलगा आठवडाभर पुस्तकाशी झगडू लागला. गुरूंना कमीत कमी त्रास द्यावा म्हणून शक्य तेवढे स्वतःच सोडवू लागला. शिकवणी मिळाली नाही ही गोष्ट त्याच्या पथ्यावरच पडली. अडचण नेमकी कोठे आहे हे शोधण्याची सवय त्याला लागली. पुढे योहान बर्नूली यांनीच वडिलांची समजूत घातली आणि ऑयलर गणिताकडे वळला.

बाझेलमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा त्याने अर्ज केला. वय जेमतेम वीस. निवड झाली नाही. त्याच सुमारास जहाजावर डोलकाठ्या कोठे उभाराव्यात या विषयावर पॅरिसच्या अकादमीने स्पर्धा ठेवली होती. समुद्रकिनारा नसलेल्या देशात वाढलेल्या या तरुणाने त्यावर निबंध पाठविला आणि १७२७ साली त्याचा गौरवपूर्वक उल्लेख झाला. त्याच वर्षी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील नव्या अकादमीत त्याला काम मिळाले. घर सोडून तो दूरच्या थंड मुलखात गेला आणि पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये राहावयास आला नाही. १७३३ साली तो तेथे गणिताचा प्राध्यापक झाला. १७३४ मध्ये काटारीना ग्जेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तेरा मुले झाली, पण त्यांतील पाचच बालपण ओलांडू शकली.

फंक्शनची गोष्ट आता सुरू होते. हा शब्द गणितात आणला लायब्निट्झने, सतराव्या शतकाच्या अखेरीस. १७१८ मध्ये योहान बर्नूली यांनी त्याची व्याख्या केली. परंतु फंक्शन लिहिण्याची सुटसुटीत खूण नव्हती. १७३४ च्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधात ऑयलरने एक अक्षर व त्यापुढे कंस अशी मांडणी केली. आपण येथे ती फ(क्ष) अशी लिहू. ही खूण दिसायला क्षुल्लक आहे, पण तिच्यात मोठी सोय आहे. कंस म्हणजे जणू यंत्राचे तोंड. त्यात क्ष घाला, पाच घाला, किंवा दुसऱ्या फंक्शनमधून बाहेर पडलेली संख्या घाला. म्हणजेच फ(ग(क्ष)) लिहिता येते. यालाच आपण कंपोझिट फंक्शन म्हणतो. आतले काम आधी, बाहेरचे नंतर.

फंक्शनमध्ये ज्या संख्या घालता येतात त्यांचा संच म्हणजे डोमेन आणि ज्या संख्या प्रत्यक्ष बाहेर पडतात त्यांचा संच म्हणजे रेंज. आता एक उदाहरण घेऊ. आतले फंक्शन ग असे आहे की संख्येचा वर्ग करून त्यात ४ मिळवावेत. बाहेरचे फंक्शन फ असे की आलेल्या संख्येने १ ला भागावे. मिळून झाले १/(क्ष² + ४). याची रेंज काय? पुष्कळ मुले फक्त बाहेरच्या फंक्शनकडे पाहतात. १ ला एखाद्या संख्येने भागून शून्य कधी येत नाही, बाकी सर्व संख्या येतात, म्हणून शून्य सोडून सर्व वास्तव संख्या, असे उत्तर लिहून मोकळी होतात. येथेच घात होतो.

बाहेरच्या यंत्राच्या तोंडात काय पडते ते पाहा. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून आतून बाहेर पडणारी संख्या ४ किंवा त्याहून मोठीच असते. ४ हून लहान काही बाहेरच्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. ४ आत गेले तर १/४ येते. आत जाणारी संख्या वाढत गेली की उत्तर लहान होत शून्याच्या जवळ जाते, पण शून्य होत नाही. म्हणून रेंज आहे शून्याहून मोठ्या आणि १/४ पर्यंतच्या सर्व संख्या, १/४ धरून. पडताळाही घ्यावा. उत्तर य मानले तर क्ष² = १/य − ४. उजवी बाजू ऋण नसावी, यासाठी य वर नेमके हेच बंधन येते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी १ ला संख्येने भागले आणि मग वर्ग करून ४ मिळविले, तर रेंज होते ४ हून मोठ्या सर्व संख्या. यंत्रे तीच, पण क्रम बदलला की उत्तर बदलते.

१७३८ च्या सुमारास आजारपणानंतर ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशांच्या बारीक कामामुळे डोळ्यांवर ताण पडला, असे तो स्वतः मानीत असे. १७४१ साली प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला गेला आणि तेथे पंचवीस वर्षे राहिला. राजाला हजरजबाबी, दरबारी माणसे आवडत. ऑयलर साधा, कुटुंबवत्सल आणि धार्मिक वृत्तीचा. राजा त्याच्या एका डोळ्यावरून थट्टा करीत असे. ऑयलर मात्र आपले काम करीत राहिला.

बर्लिनमध्ये असताना त्याने एका जुन्या वादाचा निकाल लावला. ऋण संख्येचा लॉगॅरिदम किती, हा तो वाद. लायब्निट्झ आणि योहान बर्नूली यांचे यावर १७१२-१३ मध्ये पत्रांतून खटके उडाले होते. बर्नूली यांचे म्हणणे असे की ऋण संख्येचा लॉग तेवढ्याच धन संख्येच्या लॉगइतकाच असतो. त्यांचा एक आधार असा होता की ५ आणि −५ या दोहोंचा वर्ग २५ च येतो. वर्गाचा लॉग मूळ संख्येच्या लॉगच्या दुप्पट असतो. तेव्हा दोन्ही लॉग सारखेच असले पाहिजेत.

मित्रांनो, ही चूक आपल्या वहीतल्या चुकीसारखीच आहे. लॉग(क्ष²) आणि २ लॉग क्ष ही सूत्रे आपण एकमेकांच्या जागी सर्रास लिहितो. क्ष धन असेपर्यंत ते चालते. परंतु क्षच्या जागी −५ घाला. पहिल्यात आधी वर्ग होतो, लॉगच्या तोंडी २५ जाते आणि उत्तर मिळते. दुसऱ्यात लॉगच्या तोंडी −५ जाते आणि वास्तव संख्यांत त्याला उत्तरच नाही. सूत्रे सारखी दिसली तरी डोमेन वेगळे, म्हणून फंक्शनही वेगळे.

ऑयलरने तरुणपणीच, पीटर्सबर्गहून गुरूंशी चाललेल्या पत्रव्यवहारात, या मतावर अदबीने शंका घेतल्या होत्या. पुढे त्याने सविस्तर निबंध लिहिला. तो १७५१ साली छापून आला. ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्या नसतो, तो काल्पनिक घटक असलेली संख्या असतो आणि त्याला एक नव्हे, अनंत किमती असतात, हे त्याने दाखवून दिले. ज्यांनी आपल्याला घडविले त्यांचे मत चुकीचे आहे, हे सिद्ध करताना त्याने त्यांचा मान कोठेही कमी केला नाही. गुरूंचा आदर आणि सत्याचा आग्रह एकत्र नांदू शकतात, हे विद्यार्थ्यांनी येथे ध्यानात घ्यावे.

त्याने स्वतःचे मतही बदलले. १७४८ साली त्याचा अनंत राशींच्या विश्लेषणाची ओळख करून देणारा द्विखंडी ग्रंथ लोझान येथे प्रसिद्ध झाला. त्यात त्याने फंक्शन हेच गणिताच्या केंद्रस्थानी ठेवले. परंतु फंक्शन म्हणजे चल आणि स्थिर संख्यांनी बनलेली पदावली, म्हणजे साधारणपणे सूत्रच, अशी त्याची तेव्हाची व्याख्या होती. त्याच वर्षांत ताणलेल्या तारेच्या कंपनावरून द' अलांबेर या फ्रेंच गणितज्ञाशी त्याचा वाद झाला. तार बोटाने ओढून सोडली तर तिचा सुरुवातीचा आकार एका सूत्रात बसतोच असे नाही. मग त्याला फंक्शन म्हणावयाचे की नाही? ऑयलरने असे आकारही स्वीकारले. १७५५ च्या ग्रंथात त्याने व्याख्या व्यापक केली. एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही बदलते, तेव्हा दुसरी ही पहिलीचे फंक्शन होय, असा तिचा आशय आहे. सूत्राची अट गळून पडली. याच वाटेने पुढे जाऊन १८३७ साली डीरिख्ले या जर्मन गणितज्ञाने प्रत्येक किमतीला एक निश्चित किंमत जोडणारा संबंध म्हणजे फंक्शन, ही आजची कल्पना मांडली.

बर्लिनच्या काळात त्याने एका तरुण राजकन्येला पत्रांतून विज्ञान आणि तर्कशास्त्र शिकविले. दोनशेहून अधिक असलेली ही पत्रे १७६८ पासून ग्रंथरूपाने निघाली आणि युरोपभर वाचली गेली. तर्क समजावण्यासाठी त्याने त्यांत वर्तुळे काढली आहेत. एक संच दुसऱ्याच्या पूर्ण आत, अंशतः आत, की अगदी बाहेर, हे वर्तुळांवरून एका नजरेत कळते. आपल्या प्रश्नातही ही वर्तुळे फार उपयोगी पडतात. √(९ − क्ष²) हे फंक्शन घ्या. आतून ९ आणि त्याहून लहान सर्व संख्या बाहेर पडतात. हे एक वर्तुळ. वर्गमूळ फक्त शून्य आणि त्याहून मोठ्या संख्या घेते. हे दुसरे वर्तुळ. दोहोंचा सामाईक भाग म्हणजे ० ते ९. तेवढेच आत जाते आणि वर्गमूळ होऊन ० ते ३ बाहेर येते. हीच रेंज. आतल्याची रेंज काढा, बाहेरच्याच्या डोमेनशी ताडून पाहा, सामाईक भागच पुढे न्या. तीन पायऱ्यांत काम झाले.

१७६६ साली रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्या बोलावण्यावरून ऑयलर पीटर्सबर्गला परतला. थोड्याच काळात डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसू लागले, पण नंतर डोळा बिघडला आणि जवळजवळ पूर्ण अंधत्व आले. त्याच वर्षी घराला आग लागली. त्याच्याच गावच्या एका माणसाने त्याला बाहेर काढले म्हणून जीव वाचला. हस्तलिखितेही बहुतेक वाचली. दोन वर्षांनी, १७७३ मध्ये, चाळीस वर्षांची जीवनसाथी काटारीना मरण पावली.

एवढे आघात झाल्यावर कोणीही हात टेकले असते. ऑयलर पाटीवर मोठाली अक्षरे काढी, उरलेले मनात मांडी आणि सहायकांना तोंडी सांगे. मुलगा योहान आल्ब्रेख्त, तसेच क्राफ्ट, लेक्सेल, फूस हे त्याचे मदतनीस. चंद्राच्या गतीवरचा सातशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १७७२ साली याच स्थितीत निघाला. त्याच्या एकूण लेखनाचा जवळजवळ निम्मा भाग या अखेरच्या काळातला आहे.

याच काळातील एक पुस्तक पालकांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. ते म्हणजे त्याचे बीजगणित. त्याची जर्मन आवृत्ती १७७० मध्ये निघाली. अल्जिब्रा हे या विषयाचे नाव नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी याच्या अरबी ग्रंथाच्या नावातील अल्-जब्र या शब्दावरून आलेले आहे. नवशिक्यांसाठी हा विषय लिहावयाचा असे ऑयलरने ठरविले. पुस्तक लिहून घेण्यासाठी त्याने एका तरुणाला हाताशी धरले. हा तरुण पूर्वी शिंप्याच्या हाताखाली काम शिकत होता. हिशेबापलीकडे त्याला गणित येत नव्हते. ऑयलर सांगे आणि तो लिहून घेई. पुस्तक पुरे होईपर्यंत हा तरुण स्वतः अवघड बीजगणित सोडवू लागला होता, असे त्या पुस्तकाविषयी नमूद आहे. ते पुस्तक पुढे अनेक भाषांत गेले.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण परिस्थितीमुळे अपुरे राहिले. मुलगा किंवा मुलगी बारावीचे गणित करू लागली म्हणजे यात आपण काय मदत करणार, असे त्यांना वाटते. मदत करता येते. मुलाला गणित तोंडी समजावून सांगावयास लावा. सूत्र तुम्हाला कळले नाही तरी चालेल. फक्त विचारा की आत काय गेले, तेवढेच का गेले आणि बाहेर काय आले. ऐकणारा अजाण असला म्हणजे सांगणाऱ्याला एकही पायरी गाळता येत नाही. जेथे मूल चाचरते तेथेच त्याची अडचण आहे. ती खूण करून ठेवावयास सांगा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावयास लावा. ऑयलर शनिवारी दुपारी हेच करीत असे. मुलीलाही तेवढाच वेळ आणि तेवढेच ऐकणारे कान द्या.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलरने सकाळी आपल्या नातवंडाला गणिताचा पाठ दिला. त्या वर्षी फ्रान्समध्ये प्रथमच आकाशात चढलेल्या फुग्यांच्या गतीचे गणित केले. नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाविषयी सहकाऱ्यांशी चर्चा केली. त्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. मागे इतके अप्रकाशित लेखन राहिले की पीटर्सबर्गची अकादमी पुढे सुमारे पन्नास वर्षे ते छापीत होती. १९११ मध्ये त्याच्या समग्र वाङ्मयाचे प्रकाशन स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले आणि त्याचे ऐंशीहून अधिक खंड झाले.

विद्यार्थी मित्रांनो, एवढे मोठे काम तुमच्या-आमच्या हातून होईलच असे नाही. पण पुढच्या वेळी फ(ग(क्ष)) समोर आले की लगेच बाहेरच्या सूत्रावर झडप घालू नका. कंसाच्या आत पाहा. ज्याचे दोन्ही डोळे गेले होते त्यालाही तेथे काय आहे ते दिसत होते. आपले डोळे तर शाबूत आहेत.